भीमा-सीनाकाठी दगडी हातकुऱ्हाड दिसली तर: उचलण्याआधी आणि उचलल्यावर काय करायचं

उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं आणि सीनेचं पात्र उघडं पडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच जातीचे फोटो फिरायला लागतात. तळहातावर बदामाच्या आकाराचा काळपट दगड आणि खाली प्रश्न, ‘आदिमानवाची कुऱ्हाड आहे का? किती येतील?’ दगड बहुधा घासूनपुसून लख्ख केलेला असतो, वर खोबरेल लावलेलं असतं. कुठं सापडला म्हणून विचारलं तर उत्तर येतं, ‘मोहोळकडं, नदीत.’ एवढ्या माहितीवर जाणकार माणूसही काही सांगू शकत नाही. हत्याराचा काळ, ते बनवणाऱ्यांचा वावर, शेजारची बाकीची हत्यारं, हे सगळं दगड कुठल्या थरात आणि कुठल्या जागी पडला होता त्यावरून कळतं. जागा गेली की हातात फक्त दगड राहतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कामं सगळेच करतात, फक्त उलट्या क्रमानं करतात. आधी उचलतात, मग धुतात, मग फोटो काढतात आणि नोंद तर कधीच करत नाहीत.

सुरुवातीला दगडाबद्दल

हातकुऱ्हाड म्हणजे दांडा न लावता मुठीत धरून वापरायचं आदिमानवाचं दगडी हत्यार. इंटरनेटवर ती शोधली की फ्लिंटच्या, म्हणजे चकमकीच्या दगडाच्या, गुळगुळीत, काचेसारख्या कुऱ्हाडींचे फोटो येतात. तो फ्लिंट इंग्लंड आणि उत्तर फ्रान्समधल्या खडूच्या खडकात मिळतो. सोलापूर जिल्हा दख्खनच्या लाव्हावर बसला आहे. इथं काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, मधूनमधून त्याच्याच जातीचा डोलेराइट आणि लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या, अकीक, कॅल्सेडोनी. प्रवरेवरचं चिरकी-नेवासे, कुकडीवरचं बोरी, कऱ्हेकाठचं मोरगाव ही आपल्याकडची पूर्व पुराश्मयुगाची, म्हणजे दगडी हत्यारांच्या सगळ्यात जुन्या काळाची ठिकाणं, आणि तिथली मोठी हत्यारं मुख्यतः बेसाल्ट-डोलेराइटची आहेत. शेजारच्या कर्नाटकात इसामपूरला चुनखडकाची आहेत. गारगोटीच्या जातीचे दगड आपल्याकडे मुख्यतः बोटाच्या पेराएवढ्या सूक्ष्मास्त्रांसाठी वापरले गेले.

याचा उपयोग काय? वीतभर लांबीची करड्या फ्लिंटची चकचकीत कुऱ्हाड दाखवून कुणी ‘पंढरपूरजवळ मिळाली’ म्हणाला, तर ती कुठून तरी विकत आणलेली किंवा हल्ली घडवलेली असणार. आणि आपल्या नदीकाठची खरी कुऱ्हाड पहिल्या नजरेला इतकी ओबडधोबड दिसते की लोक ती लाथेनं उडवून पुढं जातात.

## टप्पा १: तयारी

पिशवीत काय हवं ते आदल्या रात्री भरून ठेवा. मोजपट्टी (शाळेतली १५ सेंमीची चालते), ५ मीटरची टेप, पेन्सिल, वही, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, लहान-मोठ्या झिप पिशव्या, जुनं मऊ सुती कापड आणि चार्ज केलेला मोबाइल. सोलापुरी टॉवेल नको. त्याचे फासे दगडाच्या धारेत अडकतात आणि धागे तिथंच राहतात. कुदळ, खुरपं, पहार, छिन्नी घरीच राहू द्या. उकरायचंच नाही, तर अवजार कशाला?

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू आहे का ते घरीच तपासा. नदीवर गेल्यावर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि सेटिंग सापडत नाही.

जमीन कुणाची आहे ते विचारा. शेत असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि गट क्रमांकही तेव्हाच लिहून घ्या, पुढं अर्जात लागतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारातून काहीही उचलायचं नाही. मोजपट्टी लावून नुसता फोटो काढायचा असला तरी तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगून काढा.

इशारा: उजनीतून भीमेत आवर्तन सुटतं तेव्हा कोरडं पात्र बघता बघता भरतं. पाणी कधी सुटणार ते गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. वाळू उपशाच्या खड्ड्यांच्या कडा आतून पोकळ असतात, त्यांच्या काठावर वाकून बघू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत परत फिरा.

## टप्पा २: हात न लावता बघणं

संशयास्पद दगड दिसला की थांबा. हात मागं. पहिले चार फोटो दगड जसा पडलाय तसाच काढायचे.

पहिला दुरून. नदी, झाड, विजेचा खांब, देऊळ असं काहीतरी ओळखीचं त्यात यावं. दुसरा चार-पाच पावलांवरून, आजूबाजूचे गोटे आणि माती दिसतील असा. तिसरा अगदी वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. चौथा बाजूनं, जमिनीलगत कॅमेरा धरून, म्हणजे दगड मातीत किती रुतलाय ते कळतं.

नदीच्या उभ्या कडेत अडकलेला दगड असेल तर काम वाढतं आणि त्याचं मोलही वाढतं. आपल्याकडच्या नद्यांच्या कडेत साधारणपणे वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे आणि तळाशी वाळू-गोट्यांचा घट्ट झालेला थर दिसतो. हत्यार नेमकं कुठल्या थरात आहे ते कळणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. टेप वरून खाली सोडा, काठाच्या माथ्यापासून दगडापर्यंतचं अंतर मोजा, पूर्ण कडेचा एक फोटो घ्या आणि तिथून बाजूला व्हा.

इशारा: कडेतला दगड ओढून काढायचा नाही. ‘पुढच्या पुरात वाहून जाईल’ हे कारण मला दर वेळी ऐकवतात. पूर यायला अजून महिने असतात, तेवढ्यात अर्ज पोचतो. तुम्ही ओढल्यावर मात्र थराचा पुरावा त्याच क्षणी संपतो.

## टप्पा ३: हत्यार की नुसता दगड

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथं जरा रेंगाळू.

आकारावरून निर्णय देऊ नका. बदामासारखे, त्रिकोणी, टोकदार दगड नदी स्वतःच हजारोंनी बनवते. बघायच्या त्या छिलके काढल्याच्या खुणा. दगडावर दुसऱ्या दगडानं नेमका घाव घातला की शिंपल्यासारखा छिलका उडतो आणि मूळ दगडावर उथळ खळगा राहतो. हातकुऱ्हाडीत असे खळगे दोन्ही अंगांना असतात, कडेपासून आत गेलेले असतात आणि एकमेकांना खेटून असतात. दोन खळग्यांच्या मध्ये बारीक धारेसारखी रेघ उठते. नदीत आपटून फुटलेल्या दगडावर एखाद-दोन खळगे कुठंही, कुठल्याही दिशेनं दिसतात. त्यांच्यात क्रम नसतो.

बेसाल्टवर या खुणा फ्लिंटसारख्या ठसठशीत दिसत नाहीत. दगडाचा वरचा थर सडून तपकिरी-राखाडी झालेला असतो, कडा बोथटलेल्या असतात. दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात बघा किंवा मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी बाजूनं आडवा धरा. खळग्यांच्या सावल्या लगेच उठून येतात.

मग धार बघा. कुऱ्हाड कडेनं बघितली की धारेची रेघ नागमोडी जाते, कारण छिलके एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं काढलेले असतात. एक टोक निमुळतं, दुसरं जाड आणि मुठीत बसेल असं. लांबी बहुधा तळहातापासून वीतभर. टोकाऐवजी रुंद, आडवी, सरळ धार असेल तर ते क्लीव्हर, तेही त्याच काळातलं आणि तेवढंच महत्त्वाचं. टोक नाही म्हणून लोक ते टाकून देतात.

शेवटी खुणांचं वय. सगळे खळगे सारखेच सडलेले, सारख्याच रंगाचे हवेत. एखादाच खळगा आतून काळाभोर, ताजा असेल तर तो नांगराचा, जेसीबीच्या दातांचा किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा घाव. सगळेच ताजे असतील तर दगड हल्लीच फुटलेला आहे.

सोलापूर भागात नेहमी फसवणाऱ्या वस्तू या:

- कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला बेसाल्ट. माळावर ढिगानं मिळतो. पापुद्रा गेल्यावर गोल, गुळगुळीत अंग राहतं, खळगा नसतो.
- फुटका वरवंटा किंवा पाट्याचा तुकडा. एक अंग घासून गुळगुळीत झालेलं, बाकी अंगावर टाकीचे बारीक टोचे.
- खडी. क्रशरची, रस्त्याची, रेल्वेची. रूळ किंवा जुना रस्ता जवळ असेल तर आधी हीच शंका घ्या.
- पाथरवटांच्या कामाचे कपचे. खरे छिलके असतात, पण ताजे आणि एकाच जागी ढिगानं.
- गोफणगुंडा. गोल असतो आणि त्याला धार नसते. तरीही दर वर्षी कुणीतरी पाठवतंच.

याउलट जे सहज निसटतं ते म्हणजे सूक्ष्मास्त्रं. नांगरलेल्या रानात नखाएवढ्या, पातळ, दोन्ही बाजूंना समांतर धार असलेल्या गारगोटीच्या पात्या. एक दिसली तर खाली बसून भोवतालचं दोन-तीन मीटर रान डोळ्यांनी चाळा. त्या बहुधा एकट्या नसतात.

तपासा: दोन्ही अंगांना खळगे? नागमोडी धार? सगळ्या खुणा सारख्या जुन्या? तिन्हींना ‘हो’ असेल तर पुढं जा. एकालाही ‘नाही’ असेल तर फोटो ठेवा, दगड तिथंच राहू द्या.

देवळाच्या पारावर, म्हसोबाच्या ठाण्यावर शेंदूर लावलेले दगड असतात. त्यात एखादी घासून गुळगुळीत केलेली जुनी कुऱ्हाड असूही शकते. तिथं फोटोसुद्धा विचारून घ्यायचा. हात लावायचा प्रश्नच नाही.

## टप्पा ४: नोंद

वहीत, पेन्सिलनं, तिथंच उभं राहून. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्यांची नोंद मी अजून पाहिलेली नाही.

नोंदीत काय हवं ते एका नमुन्यानं सांगतो: ‘नोंद क्र. १. तारीख, वेळ. गाव, तालुका, गट क्रमांक. सीना नदी, डावा काठ, पुलापासून खाली सुमारे ३०० मीटर. अक्षांश-रेखांश. वाळू-गोट्यांच्या पृष्ठभागावर सुटा पडलेला, अर्धा रुतलेला. लांबी १४ सेंमी. बेसाल्ट. आजूबाजूला पाच मीटरमध्ये आणखी दोन छिलके. फोटो क्र. अमुक ते तमुक.’

नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरवायचा. ही साधी गोष्ट निम्मे लोक उलटी लिहितात आणि मग जागा पलीकडच्या गावात जाते.

अक्षांश-रेखांश दशांशात, पाच अंकांपर्यंत लिहा. पाचवा अंक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. मोबाइलची स्वतःची चूक काही मीटरची असते, म्हणून आकाशाखाली मोकळ्यावर उभं राहा, अर्धा मिनिट थांबा आणि मग आकडा टिपा.

## टप्पा ५: उचलायचं की नाही

माझं मत स्पष्ट आहे. शक्यतो उचलू नका. नोंद आणि फोटो घेऊन परत या, जागा तज्ज्ञांना दाखवा. एकाच ठिकाणी दहा-पंधरा हत्यारं पसरलेली असतील तर त्यांची एकमेकांपासूनची अंतरं हाच पुरावा असतो, तिथं एकही हलवायचं नाही.

अपवाद एकच. पृष्ठभागावर सुटं पडलेलं हत्यार आणि समोर खरोखरचा धोका, म्हणजे वाळू भरायला ट्रॅक्टर उभे आहेत किंवा त्याच दिवशी सपाटीकरण सुरू आहे. तेव्हा मालकाला सांगून उचला, आणि ‘का उचललं’ हे एक वाक्य नोंदीत लिहा.

उचलताना जाड टोकाकडून धरा, धारेला बोटं लावू नका. लगेच सुती कापडात गुंडाळा, आत नोंद क्रमांकाची चिठ्ठी टाका, पिशवीवरही तोच क्रमांक लिहा. एका पिशवीत एकच. दोन कुऱ्हाडी मोटारसायकलच्या डिकीत एकमेकींवर आपटत घरापर्यंत आल्या की धारेवर नवे छिलके उडतात, आणि पुढचा अभ्यासक ते वापराचे समजून डोकं खाजवत बसतो.

## टप्पा ६: साफसफाई, म्हणजे जवळपास काहीच नाही

सुकू द्या. सैल माती आपोआप गळेल. फार तर मऊ ब्रशनं जाड टोकाकडची माती झटका. धारेकडची माती तशीच ठेवा. वापराच्या बारीक खुणा आणि चिकटलेला अवशेष तिथंच तपासतात.

हे करू नका:

- तारेचा ब्रश, काथ्या, भांडी घासायची घासणी.
- संडास धुवायचं अ‍ॅसिड. दगडावरचा पांढरा चुनखडीचा थर बघून लोकांचा हात तिकडंच जातो. तो थर मळ नाही. अशा चुनखडीवरून वय काढण्याच्या पद्धती आहेत, आणि अ‍ॅसिडच्या एका थेंबात ती शक्यता फसफसून जाते.
- खोबरेल, शेंगतेल, वॉर्निश, बूटपॉलिश. चमक चार दिवस राहते, डाग कायमचा.
- काचेवर ओरखडून किंवा ताजा कपचा उडवून ‘टेस्ट’ करणं.

ठेवायला पुठ्ठ्याचा खोका, खाली कापड, कोरडी जागा. लोखंडी ट्रेमध्ये सुटं ठेवू नका. दगडाला धातूच्या रेघा लागतात आणि त्या पुढं दिशाभूल करतात. क्रमांक दगडावर लिहायचा मोह आवरा. चिठ्ठी पुरते. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ या काढता येणाऱ्या लेपावर बारीक अक्षरात लिहितात, ते त्यांना करू द्या. नेलपॉलिश हा त्याला पर्याय नव्हे.

## टप्पा ७: कळवणं

‘किती येतील?’ या प्रश्नाचं उत्तर इथं देतो. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. खासगी माणसानं ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, आणि तसं केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. परदेशी गिऱ्हाईक कुरिअरनं मागत असेल तर त्याला तिथंच थांबवा.

शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दगडी हत्यार त्यात बसतं की नाही यावर कट्ट्यावर वाद घालण्यापेक्षा एक अर्ज टाकलेला बरा.

अर्ज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागीय कार्यालयाला, प्रत जिल्हाधिकारी कार्यालय, सोलापूर आणि तहसीलदारांना. मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे:

‘अमुक तारखेस अमुक गावच्या हद्दीत, गट क्रमांक अमुक येथे, नदीकाठी पुराश्मयुगीन वाटणारे दगडी हत्यार आढळले. जागेवरच सोडले आहे / पुढील कारणाने सुरक्षित ठेवले आहे. स्थाननिश्चिती, फोटो व नोंद सोबत जोडली आहे. कृपया पाहणी व्हावी.’

पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा. महिनाभरात हालचाल नसेल तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र. ओळख पटवायला पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, आणि सोलापुरातच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे. दगड घेऊन थेट जाऊ नका. आधी फोटो आणि नोंद पाठवा, बोलावलं तर जा.

फोटो पाठवताना एक बारकावा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती टिकते. अधिकाऱ्यांना आणि अभ्यासकांना डॉक्युमेंट पाठवा. गावच्या ग्रुपवर टाकायचाच असेल तर साधा फोटो, आणि जागेचं नाव गाळून. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं खोरी घेऊन माणसं दिसतील.

## टप्पा ८: संग्रहासाठी परदेशी फ्लिंट घ्यायचंच असेल तर

काहींना फ्लिंटची कुऱ्हाड कपाटात हवीच असते. ठीक आहे, पण पैसे भरण्याआधी कागद मागा. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या पुरावस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. ‘सहारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुऱ्हाडी अल्जीरिया-मोरोक्कोसारख्या देशांतून आलेल्या असतात आणि तिथून परवान्याशिवाय पुरावस्तू बाहेर काढायला मनाई आहे. विक्रेता ‘जुन्या संग्रहातली’ एवढंच म्हणून थांबत असेल, गावाचं नाव नाही, वर्ष नाही, परवाना नाही, तर व्यवहार सोडा.

वस्तू तपासताना बघा: जुन्या फ्लिंटवर पांढरट, निळसर किंवा पिवळट साय धरलेली असते आणि ती सगळ्या खळग्यांवर सारखी असते. रंगवलेली साय खोलगट भागात दाट साचते, कडांवर विटते. खळग्यांमधल्या कडा बोटाला ब्लेडसारख्या लागल्या तर सावध. लोखंडाची रेघ दिसली तर मात्र लगेच नकली ठरवू नका, शेतात नांगर लागूनही ती येते. रेघ नेमकी घाव घालायच्या जागी, प्रत्येक खळग्याच्या तोंडाशी असेल तर ती हातोडीची.

माझा सल्ला विचाराल तर प्रतिकृती घ्या. आजही हातानं दगड घडवणारे कारागीर आहेत, आणि प्रामाणिक कारागीर आपल्या कामावर हिऱ्याच्या टोकानं सही आणि वर्ष कोरून देतो. सही नसेल तर मागून घ्या. नाहीतर तुमच्या पश्चात तीच वस्तू कुणीतरी ‘भीमेकाठी सापडलेली’ म्हणून विकेल.